चौथा बोल्ट

कागदावर बावीस वॉशर होते, ताटलीत एकवीस निघाले.
मी पुन्हा मोजले. तू हसलीस,
"आई, कारखानाही माणसंच चालवतात."
बाहेर कोयाइकेचा वारा
शेडच्या पत्र्याला खांदा लावून ढकलत होता,
चुलीवर मातेचं पाणी,
आणि मधोमध तुझी मोटरसायकल,
सीट काढलेली, मागचं अंग उघडं,
दवाखान्यात झगा घालून बसवलेल्या माणसासारखी
जराशी ओशाळलेली.

मी चाळीस वर्षं मेंढ्यांची फाटकं जोडली.
लोखंड वाकवता येतं, सरळ करता येतं,
एवढीच माझी विद्या.
तू नद्यांचं पाणी बाटल्यांत भरून प्रयोगशाळेला नेतेस.
चोवीस बाटल्या, काचेच्या,
आणि तोर्तेलपर्यंत तो खडीचा रस्ता.
रस्ता कसला, किसणीच.
कापडी पिशव्यांत मागच्या खेपेला सात फुटल्या.
म्हणून या पेट्या.

तू नियम वाचून दाखवलास:
सगळे बोल्ट आधी सैल ठेवायचे.
एक सीटखाली, एक पायटीशेजारी,
एक नंबरप्लेटच्या वर,
आणि चौथा सापडेपर्यंत
सगळ्यांनी थोडं हलतं राहायचं.

डावी बाजू मुकाट बसली.
उजवीचा रॅक सायलेन्सरपासून चार बोटं बाहेर,
पेटी भाजू नये म्हणून.
त्याचे तीन बसले. चौथा बसेना.
भोक दिसत होतं, आटे दिसत होते,
मध्ये आठ मिलिमीटर.
"रॅकच वाकडा आलाय," तू म्हणालीस.
मी तो उतरवून फरशीवर ठेवला.
चारही टोकं टेकली, खालून कागद सरकेना.
मग हँडलपासून मागच्या दिव्यापर्यंत सुतळी ताणली
आणि एक डोळा मिटून पाहिलं.

फाटकं मला सांगतात,
ट्रक धडकला की बैल, कुठून, किती जोरात.
तुझ्या गाडीनेही सांगितलं. उजवीकडून. जोरात.
आणि हिवाळ्यात, कारण सांध्यात रंगाखाली
रस्त्यावर टाकतात ते मीठ शिरलं होतं.
जूनमध्ये तू तीन आठवडे
डाव्या हाताने माते प्यालीस.
म्हणालीस, बर्नार्दाचं बाळ उचलून खांदा भरलाय.
मी तेल गरम करून दिलं होतं.

मी मान वर केली नाही.
तू ताटलीतले वॉशर उगीच आकाराने लावत होतीस.
"कुठे?"
"सैतानाच्या उतारावर. बर्फ दिसलाच नाही गं."
"उचलली कोणी?"
"मीच. दोनदा निसटली हातातून."
दोनशे किलो. मी ओरडणारच होते,
पण दातांत बोल्ट धरला होता.

सरळ करता आली असती फ्रेम,
तापवून, साखळी लावून.
पण वाकलेलं लोखंड एकदा ओढून सरळ केलं
की तिथेच पुन्हा थकतं.
मी कानस घेतली आणि रॅकचं भोक लांबट केलं,
तांदळाच्या लांब दाण्याएवढं.
नेमका तिथेच वॉशर कमी पडला, तो बाविसावा.
जुन्या फाटकाच्या पट्टीतून कापून काढला,
जाड, चौकोनी, बेढब.
निळा डिंक लावला. मग सगळे आवळले,
आळीपाळीने, थोडे थोडे.

पेट्या चढल्या. कुलुपं कट्ट वाजली.
तू मागे सरून पाहत राहिलीस,
मी टेप लावली: रुंदी अठ्ठ्याण्णव.
मग दोघींनी एकाच वेळी दाराकडे पाहिलं.
शेडचं दार नव्वद.

किती हसलो आपण. चुलीवरचं पाणी आटून गेलं.
पेट्या पुन्हा उतरवल्या,
गाडी तू ढकलत बाहेर नेलीस,
आणि मग अंगणात, वाऱ्यात तिरक्या होत,
डावी तू, उजवी मी,
एकेक पेटी हातात घेऊन निघालो,
कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं,
या दोघी चालल्या कुठेतरी.